गोठ्याचा हिशेब (9) : आई गेलेलं वासरू ठेवायचं की विकायचं?

गेल्या आठवड्याच्या लेखात व्यायल्यानंतरचा दुग्धज्वर पाहिला. गाय त्यातून वाचली नाही, तर दावणीला उरतं ते वासरू. अशा वेळी व्यापारी दारात येतो आणि खचलेला मालक मिळेल त्या भावात वासरू सोडून देतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे : पंधरा दिवस तरी हा निर्णय घेऊ नका. ठेवायचं असो की विकायचं, पहिल्या पंधरवड्यातलं काम तेच असतं आणि वासराचं खरं मोल त्यानंतरच कळतं.

वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी झुंजायचं बळ जवळजवळ नसतं. गाईच्या वारेतून ते गर्भापर्यंत पोचत नाही. मिळतं ते फक्त चिकातून. चिकातले हे बळ देणारे घटक शोषून घ्यायची आतड्याची ताकद तासातासाला घटते आणि 24 तासांत जवळपास संपते. म्हणून 30 किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत दीड लिटर आणि बारा तासांच्या आत पुन्हा तेवढाच चीक पोटात गेला पाहिजे. आळीत कुणाची गाय नुकतीच व्यायली असेल, तर मध्यरात्रीसुद्धा दार वाजवा. त्या घरचा खरवस राहिला तरी चालेल. अंडं, एरंडेल आणि दूध कालवून पाजायची जुनी रीत आहे. त्याने कोठा साफ होतो, पोटाला आधार मिळतो. पण चिकातलं बळ त्यात नाही. चीक न मिळालेलं वासरू गप्प राहून विकणं मला अन्यायाचं वाटतं, घेणाऱ्यावर आणि वासरावरही.

पाजताना घाई नको. बांबूच्या नळ्याने घशात दूध ओतलं, की ते फुप्फुसात जाऊन वासरू दगावतं. दोन बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यावीत. ते चोखू लागलं, की हात हळूहळू बादलीत न्यावा, नाकपुड्या दुधाच्या वर ठेवाव्यात. थोड्या वेळाने बोटं काढून घ्यावीत. एक-दोन दिवसांत बहुतेक वासरं आपणहून पितात. दूध अंगाइतकं कोमट हवं, रोज वजनाच्या एक दशांश.

आता हिशेब. रोज तीन लिटर धरलं तरी अडीच महिन्यांत सव्वादोनशे लिटर दूध लागतं. लिटरला 35 रुपयांनी ते जवळजवळ आठ हजारांचं झालं. पुढे संकरित कालवड चांगली जोपासली तर साधारण अडीच वर्षांनी विते, तोवरचा चारा, आंबवण, लसी वेगळ्या. आई दुधाला चांगली असेल आणि वेताची नोंद हाताशी असेल, तर कालवड ठेवावी. मात्र ती गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मली असेल तर थांबा. अशा शंभरांतल्या नव्वदांहून अधिक कालवडी वांझ निघतात. डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय तिच्यावर दूध खर्चू नका, आणि विकताना ही गोष्ट लपवूही नका.

गोऱ्ह्याचं गणित जातीवर फिरतं. खिलारचा गोऱ्हा असेल तर माणदेशात, खरसुंडीच्या यात्रेसारख्या बाजारात त्याला मान आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बैलगाडा शर्यतींना मान्यता कायम ठेवल्यावर शर्यतीच्या बैलांना मागणीही आहे. होल्स्टीन संकरित गोऱ्हा मात्र उन्हात कामाला टिकत नाही. राज्यात 2015 पासून बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक जवळजवळ नाही. रात्री रस्त्यावर सोडलेले गोऱ्हे त्यातूनच येतात, आणि ते पाहवत नाहीत. पुढच्या वेळी लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरावी, नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडी होतात. आज जन्मलेल्याला मात्र सुकं खाद्य खायला लागेपर्यंत सांभाळून, ओळखीच्या माणसाकडेच द्यावं.

आणखी एक. सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन बसणारी बहुतेक घरांत बाईच असते, व्यवहार ठरवताना तिला कुणी विचारत नाही. आधी तिला विचारा. तिने कालवड वाढवली, तर त्या दुधाचे डेअरीचे पैसे तिच्याच खात्यावर जमा होऊ द्या.