ढोलकीच्या मागचा संसार

जत्रेचे दिवस असतात. रात्रीची जेवणं आटोपलेली असतात, ओटा पुसून झालेला असतो, विरजण लावून झालेलं असतं, आणि वाऱ्याबरोबर लांबून ढोलकीचा आवाज येतो. मैत्रिणींनो, त्या आवाजाच्या जवळ जाऊन तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलंय?

मी तरी पाहिलं नव्हतं. माझ्या माहेरी गावाबाहेर तंबू लागला, की वडील आणि काका "जरा जाऊन येतो" म्हणून बाहेर पडायचे आणि आम्ही मुली गच्चीवर अंथरुणात पडून ढोलकी ऐकायचो. 'तमाशा' हा शब्द आमच्या घरात फक्त रागावतानाच ऐकू यायचा: "काय तमाशा मांडलाय!" पुढं मी बी. ए. झाले, लग्न होऊन बोदवडला आले, शाळेत अर्धवेळ शिकवू लागले. पण या बाबतीतली माझी समज त्या गच्चीवरच राहिली होती. ती खाली उतरली ती दोन घागरी पाण्यामुळे.

आमच्या बोदवडची पाण्याची ओढ साऱ्या जळगाव जिल्ह्याला ठाऊक आहे. नळ येतो त्या दिवशी घरात सणासारखी धावपळ. पिंप, हंडे, कळशा, पातेली, जे भरता येईल ते भरायचं आणि मग दिवसचे दिवस पुरवायचं. काही वर्षांपूर्वी माघ महिन्यात, अशाच एका भरून ठेवलेल्या दिवशी, दुपारी फाटकाशी तीन बायका आल्या. सोबत सात-आठ वर्षांची एक मुलगी. जत्रेला निघालेल्या एका फडाची गाडी रस्त्यात मोडून पडली होती. "ताई, दोन घागरी पाणी मिळंल का? पोरीला आंघोळ घालायचीय," त्यांतली एक म्हणाली.

मी म्हणाले, "नळ आलेला नाही हो."

माझ्या मागं दोन पिंपं काठोकाठ भरलेली होती. पाण्याची काळजी होती हे खरं. पण खरं सांगायचं तर, त्या तमाशातल्या बायका आहेत हे कळलं नसतं तर मी खोटं बोलले नसते. आतून सासूबाई आल्या. माझ्याकडं न बघताच त्यांनी फाटकाची कडी काढली. "पाण्याला नाही म्हणू नये," एवढंच बोलल्या आणि मुलीला न्हाणीघर दाखवलं. नंतर कळलं, की लहानपणी खेड्यातल्या जत्रेत आजीच्या मांडीवर बसून त्यांनी कितीतरी तमाशे पाहिले होते!

मुलगी न्हाऊन येईपर्यंत तिची आई आमच्या ओट्यावर बसली. वय माझ्याएवढंच. ती फडात गायची, नवरा ढोलकी वाजवायचा. चहा झाला, दुसऱ्यांदा झाला. ती सांगत होती आणि मी पहिल्यांदाच ऐकत होते.

ढोलकी फडाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपतं. म्हणजे सात महिने रस्त्यावर! पावसाचे चार महिने घरी. त्यात मिळेल ती मोलमजुरी. घराचं छप्पर, आजारपण, मुलीचं लग्न यांसाठी हंगामाआधी मालकाकडून 'उचल' घ्यायची आणि सात महिने ती फेडायची. त्यामुळं मध्येच सोडून जाणं नाही. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात: गाणाऱ्या, नाचणाऱ्या, वाजवणारे, सोंगाड्या, तंबूवाले, वायरमन, ड्रायव्हर, स्वयंपाकी. गावानं जत्रेसाठी ठरवलेला खेळ म्हणजे 'सुपारी'. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच तिथं येऊन सुपारी देतात. सुपारी नसेल त्या दिवशी तंबू ठोकून तिकिटावर खेळ.

आपल्या खान्देशाला हे परकं नाही. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो तसे फडांचे तंबूही लागतात. भिका-भीमा सांगवीकर, आनंद महाजन जळगावकर ही फडांची नावं इकडच्या खेड्यांत घरोघर माहीत आहेत. माहीत नसतात ती आपल्यासारख्या शहरवजा गावांतल्या घरांत.

खेळ संपला की तंबू उतरवायचा, गाडीत भरायचा, माणसांनी सामानावरच अंग टाकायचं. दिवस उजाडतो तो दुसऱ्या गावात. मग पाण्याचा शोध. आंघोळ, धुणं, मुलांचं आवरणं, नऊवारी वाळत घालणं, मिळाली तर दोन तास झोप, की संध्याकाळी पुन्हा तोंडाला रंग. "तुमची चूल एका जागी, आमची रोज नवी. बाकी काम तेच," ती म्हणाली. त्यात आडोशाचा प्रश्न मोठा. उघड्या माळावर तंबू, बायका पंधरा-वीस, आणि बायकांसाठी बंद जागा नाही. अंधार पडेपर्यंत पाणीच कमी प्यायचं, ही सवय. मैत्रिणींनो, प्रवासात आपण एक दिवस असं करतो तर घरी येऊन किती कुरकुरतो!

वाद्यांचं सांभाळणंही मुलांच्या सांभाळण्यासारखंच. थंडीच्या दवानं हलगीचं कातडं सैल पडतं. मग खेळाआधी ती जाळावर शेकायची. आपल्याकडं माघात शेताच्या बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग असतात, त्यांचाच जाळ. ढोलकीचं एक तोंड गाणारीच्या सुराला लावावं लागतं, आणि हवा बदलली की ते पुन्हा उतरतं. सात महिने रोज रात्री वाजवून ढोलकीवाल्याच्या बोटांना चिरा पडतात. "मी रोज सकाळी तेल कोमट करून त्यांच्या बोटांना लावते," ती म्हणाली. तुणतुण्याला तर एकच तार, पण ती तार सगळ्या गाण्याला आधार देते. ती वाजवणाराच मागं उभा राहून झीलही धरतो. गण, गवळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग, हा सारा डोलारा या चार-पाच वादकांच्या खांद्यावर उभा. लोकांची नजर नाचणारीवर असते. ढोलकीवाल्याची नजर तिच्या पायांवर. एक पाऊल चुकलं, तर तो ते आपल्या थापेत सावरून घेतो.

अशा रस्त्यावरच्या आयुष्याची गोष्ट विठाबाईंचं नाव घेतल्याशिवाय पुरी होत नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. आजोबा नारायण खुडे, वडील भाऊ, चुलते बापू, सारे फडातलेच. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतिपदक मिळालं. पण महाराष्ट्रात त्यांची जी गोष्ट सांगितली जाते, ती पदकाची नाही. नऊ महिने भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. नाचता-नाचता कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि लुगडं सावरून पुन्हा प्रेक्षकांपुढं आल्या. लोकांना कळलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला.

ही गोष्ट मी आधीही वाचली होती आणि "केवढी जिद्द!" म्हणून पान उलटलं होतं. त्या दिवशी ओट्यावर बसून वेगळाच विचार मनात आला. बाळंत झालेल्या बाईला पुन्हा उभं राहावंसं वाटलं, की राहावंच लागलं? खेळ मोडला तर शंभर माणसांची भाकरी मोडते, हे तिच्या डोक्यात असणार. आपल्याला बाळंतपणात सव्वा महिना मिळतो, डिंकाचे लाडू मिळतात. तिला मिळाल्या टाळ्या! १५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. अखेरचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. कन्या मंगला बनसोडे यांनी आईच्या मागं फड चालवला. म्हणजे संसारही चाकावर आणि वारसाही चाकावरच.

अलीकडं हे चाक जड झालंय. पूर्वी वग पहाटेपर्यंत रंगायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आलं. आजाऱ्यांच्या आणि परीक्षेच्या मुलांच्या दृष्टीनं ते योग्यच. पण वगाला कात्री लागली आणि त्या जागी सिनेमाची गाणी आली. मग २०२० च्या मार्चमध्ये, ऐन जत्रांच्या तोंडावर, टाळेबंदी लागली. ज्या चैत्र-वैशाखाच्या सुपाऱ्यांवर वर्षाचा हिशेब बसतो, त्या सगळ्या बुडाल्या. पुढच्या वर्षीही तेच झालं. उचल मात्र घेतलेली होतीच.

पण माझ्या मनाला लागलेली गोष्ट याहून लहान आहे. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्या आईनं विचारलं, "बाई, हिचं नाव कुठं घालावं? आजीकडं ठेवली होती. आजी गेली, म्हणून बरोबर घेतली." मुलगी हुशार होती. न्हाऊन आल्यावर आमच्या दारावरची पाटी तिनं अक्षर-अक्षर लावून वाचली. चहाच्या कपावर बोटांनी ठेका धरून मात्रा मोजत होती, एकही चुकत नव्हती. आणि मी काय म्हणाले? "आधीच्या शाळेचा दाखला आणा, म्हणजे बघता येईल." आई हसली. तसं हसणं मी नंतर विसरू शकले नाही. संध्याकाळी गाडी दुरुस्त झाली आणि ती माणसं निघून गेली.

मी चूक बोलले होते, आणि शिक्षिका असून चूक बोलले होते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष अर्धं सरलं म्हणूनही नाही. मूल वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात बसतं, आणि मागं पडलेला अभ्यास शाळेनं भरून घ्यायचा असतो. कामासाठी गाव सोडणाऱ्यांच्या मुलांना आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्डही देतात. ते दाखवून मूल नव्या गावच्या शाळेत बसू शकतं. हे मी नंतर नीट वाचलं. त्या मुलीच्या आईला सांगायला मात्र ती आई समोर नव्हती.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या गावी फड उतरला, तर आपल्या हातात मोठं काही नसलं तरी थोडं आहे. जत्रेच्या पंच मंडळींत आपल्याच घरचे पुरुष असतात. सुपारी ठरवताना बायकांसाठी आडोसा, न्हाणीघर, संडास आणि पाण्याचा टँकर यांची सोय ठरवून घ्या, असं त्यांना जेवताना वाढता-वाढता सांगता येतं. फडात मुलं असतील, तर शाळेत शब्द टाकता येतो. ओळखीची शिक्षिका असेल, तर तिला हा लेख दाखवा. आणि फाटकाशी कुणी पाणी मागायला आलं, तर आधी कळशी उचलावी. कोण, कुठली, हे नंतर विचारावं.

पुढच्या हंगामात सासूबाईंना घेऊन मी तमाशाला गेले. यजमान आधी चकित झाले, मग स्वतःच सोबत आले. गण सुरू झाला आणि मी नाचणाऱ्यांकडं बघायचं सोडून ढोलकीवाल्याची बोटं बघत राहिले. तो फड दुसरा होता, माणसं दुसरी होती. तरी कनातीच्या फटीतून एक लहान मुलगी डोकावली, तेव्हा मी पुढं वाकून निरखून पाहिलं. ती नव्हती.

ती आता सातवी-आठवीत असायला हवी. कुठल्यातरी शाळेत तिचं नाव कुणीतरी घातलं असेल, अशी आशा करते. तुमच्या गावी आली तर तेवढं बघा.