गोधडीच्या टाक्यांतले शहाणपण

शास्त्री नदी जेथे अरबी समुद्राला मिळते, तेथे रत्नागिरी जिल्ह्यातील जयगडचा किल्ला उभा आहे. किल्ल्याचा इतिहास पुस्तकांत सापडतो. त्याच्या परिसरातील घरांमध्ये, आणि एकूणच कोकणात, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक विद्या मात्र लिहून नव्हे, तर हातातून हातात शिकवली गेली. ती विद्या गोधडी शिवण्याची. आजीच्या हातातून आईच्या आणि आईच्या हातातून लेकीच्या हातात ती आली, तीही केवळ शेजारी बसून पाहता पाहता.

गोधडी म्हणजे जुन्या कापडांची चळत एकत्र शिवून केलेले पांघरूण. घाटावर काही भागांत तिला वाकळ म्हणतात. वरवर पाहता हे काटकसरीचे काम वाटते. प्रत्यक्षात त्यामागे पक्का हिशेब असतो. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर. त्याचे चार समान तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरांहून थोडा मोठा, म्हणजे माणसाच्या उंचीला पुरून उरणारा होतो. एकावर एक ठेवल्यास एका माणसाच्या गोधडीचे चार थर एकाच लुगड्यातून निघतात. विरलेला भाग आत, धड भाग बाहेर आणि मजबूत काठ कडेला, ही मांडणी शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही अचूक जमत असे.

गोधडीची ऊब कापडाहूनही थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे येते. स्थिर हवा उष्णतेची मंद वाहक असल्याने शरीराची उष्णता सहजासहजी बाहेर जात नाही. टाके फार दाट पडले तर थर दबून हवेला जागा उरत नाही. फार विरळ पडले तर धुताना थर सरकतात व गोळे होतात. या दोहोंमधले नेमके अंतर हाताच्या अंदाजाने साधले जाते. धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी आत सरकतो. प्रत्येक फेरीला कापड तळहाताने सारखे करावे लागते, नाही तर मध्यभागी फुगवटा राहतो. बाळाच्या दुपट्याला तर सर्वांत जुने, अनेकदा धुतलेले मऊ सुती कापड निवडले जाते. कोवळ्या अंगाला टोचू नये म्हणून दोऱ्याच्या गाठी थरांच्या आत दडवल्या जातात.

कोकणच्या हवामानाशीही या कामाची सांगड आहे. रत्नागिरीत वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा दमट हवेत जाड कापसाची गादी लवकर वाळत नाही. थरांची गोधडी मात्र धुता येते आणि थोड्या उन्हातही वाळते. म्हणूनच भातकापणीनंतरच्या सवडीत गोधड्या शिवायच्या आणि पावसाळ्यापूर्वी जुन्या गोधड्या धुऊन उन्हात घालायच्या, असा क्रम पडला.

या विद्येला मुंबईचाही धागा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांचा मोठा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेला होता. कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटी जयगडलाही थांबत. गिरणीतून निघालेले सुती कापड चाकरमान्यांबरोबर गावी येई, अंगावर विरे आणि शेवटी गोधडीत विसावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने उभ्या राहिल्या नाहीत.

तोवर साड्यांचे कापडही बदलू लागले होते. आज घरातील जुन्या साड्यांत कृत्रिम धाग्यांच्या साड्याच अधिक निघतात. पॉलिएस्टर निसरडे असल्याने त्याचे थर एकमेकांना धरून राहत नाहीत. प्रमाणित दमट हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सात ते आठ टक्के ओलावा शोषतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे अशा पांघरुणात घाम अंगावरच राहतो. कौशल्य हातात आहे, पण त्याला साजेसे कापड घरात नाही, अशी ही अडचण आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. गोधडीची मजुरी घरात कधी मोजलीच गेली नाही. अनेक दुपारच्या श्रमांना ‘रिकामपणचा उद्योग’ म्हटले गेले. मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी शहरांत गेल्या, हे योग्यच झाले. पण शेजारी बसून शिकण्याची जागाही त्याबरोबर रिकामी झाली. बंगालच्या नक्षी कांथाला आणि बिहारच्या सुजनीला भौगोलिक मानांकन मिळाले. ही दोन्ही कामे मुळात जुन्या कापडावरच्या साध्या धावदोऱ्यातूनच वाढली. घरगुती शिवणाला कलेचा मान आणि बाजारात मोल मिळू शकते, हे त्यावरून दिसते.

जयगडच्या किनाऱ्यावर २००९ मध्ये आधुनिक खासगी बंदर सुरू झाले आणि रोजगाराच्या वाटा बदलल्या. त्या पुन्हा जुन्या व्हाव्यात, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मात्र ज्या घरांत अजून गोधडी शिवणारी आजी आहे, तेथे कपाटातली एखादी सुती साडी बोहारणीला देण्याआधी तिच्यापुढे ठेवता येईल आणि सुई हातात घेऊन तिच्याजवळ बसता येईल. टाक्यांमधले अंतर कागदावर लिहून घेता येत नाही. ते तिच्या हाताकडे पाहूनच कळते.