गोष्टीतली माणसं माणसाला कशी उचलतात?

लहानपणापासून आपण ऐकलेल्या किती गोष्टींत कुणीतरी कुणाला तरी उचलून नेतं! गोष्ट सांगणारे हे उचलणं कसं सांगतात आणि त्यातून आपण काय घ्यायचं, हे आज पाहू.

आधी विक्रम-वेताळ. राजा झाडावरचं प्रेत काढतो, खांद्यावर टाकतो आणि चालू लागतो. सिनेमातला हिरोही बेशुद्ध माणसाला असाच खांद्यावर टाकून पळतो. पण विक्रमाच्या खांद्यावर प्रेत होतं, त्याला श्वास घ्यायचा नव्हता. जिवंत माणसाचं डोकं असं लोंबलं, पोट दाबलं गेलं, तर त्याचा श्वास कोंडतो.

महाभारत सांगणाऱ्यानं मात्र बारकाईनं सांगितलंय. लाक्षागृहातून निसटताना भीमानं कुंतीला खांद्यावर घेतलं, नकुल-सहदेवांना कडेवर आणि धर्म-अर्जुनांना हाताला धरून तो निघाला. भीमाची ताकद आपल्यात नाही, पण कुणाला कुठं घ्यायचं याचा विचार बघा. रामायणात हनुमान राम-लक्ष्मणांना पाठीवर बसवून नेतो. ते दोघं शुद्धीवर होते, धरून बसू शकत होते. पाठीवर त्यालाच घ्यावं, ज्याला आपल्या गळ्यात हात टाकून धरता येतं.

श्रावणबाळाची कावड तर सगळ्यांना ठाऊक आहे. दोन्ही पारड्यांत सारखं वजन, मध्ये खांदा. हीच युक्ती सातारच्या डोंगरातल्या वाड्यांवर दिसते. रस्ता नसला की आजाऱ्याला घोंगडीच्या झोळीत घालतात, झोळी बांबूला बांधतात आणि बांबू खांद्यावर घेऊन खाली उतरतात. पुढं एक, मागं एक, आणि खांदा बदलायला आणखी चार जण.

गोष्टीत हे खांदा बदलणं सहसा येत नाही. "त्यानं तिला उचललं आणि तो धावत सुटला," एवढ्या एका वाक्यात काम होतं. दम लागणं, हात सुटणं, पाय घसरणं लिहिणारा गाळतो. आपल्याला ते गाळून चालत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली. मिरजेच्या कृष्णाघाटापासून नदीकाठच्या गावांपर्यंत घरं सोडावी लागली. घरात अंथरुणाला खिळलेली सासू असेल, दिवस भरलेली सून असेल, तर तिला न्यायचं कसं, हे पाणी यायच्या आधी ठरलेलं हवं.

दोघी असाल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर हातांची बैठक करा. प्रत्येकीनं उजव्या हातानं आपलं डावं मनगट धरायचं आणि डाव्या हातानं दुसरीचं उजवं मनगट. वर बसणाऱ्यानं दोघींच्या खांद्यांवर हात टाकायचे. जिना उतरायचा असेल तर मजबूत लाकडी खुर्ची घ्या. एकीनं मागून पाठ धरायची, दुसरीनं पुढचे पाय. बसलेल्याचं तोंड पुढं, म्हणजे उतरायच्या दिशेला ठेवा. उचलताना कमरेत वाकू नका. गुडघे वाकवून, वजन अंगाजवळ घेऊन, "एक, दोन, तीन" म्हणत दोघी एकदम उठा. गरोदर बाईनं आणि बाळंतिणीनं उचलायला जाऊ नये. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल, तर माणूस पाठीवर घेऊन त्यात उतरू नका. बोटीची वाट पाहा.

झाडावरून पडलेल्या, मानेला किंवा पाठीला मार लागलेल्या माणसाला जागेवरून हलवू नका. १०८ ला फोन करा आणि त्याचं डोकं स्थिर धरून ठेवा. फक्त आग, पाणी, कोसळणारी भिंत असा जिवाचा धोका असेल तरच हलवा.

आपल्या गटात कुणी पथनाट्य लिहितं, कुणी नातवंडांना गोष्टी सांगतं. त्यात माणूस उचलायचा प्रसंग आला, तर चार गोष्टी जरूर सांगा: तो शुद्धीवर आहे का, उचलणारीचे हात कुठं आहेत, वजन कुणाच्या अंगावर आहे आणि वाटेत विसावा कुठं घेतला. ऐकणाऱ्याला प्रसंग खरा वाटेल आणि वेळ आली तर ती गोष्टच त्याला आठवेल. गटाच्या पुढच्या बैठकीत हातांची बैठक एकदा करूनच बघा. बसायला आधी वजनानं हलकी मैत्रीण निवडा!