न झालेल्या आजाराची नोंद

बँकेच्या नोकरीतली बरीच वर्षे ग्रामीण शाखांमध्ये गेली. पीक कर्ज का थकले, हे बघायला गावोगाव हिंडावे लागे. वसुलीच्या कागदावर शेरा ठरलेला असे : नापिकी. पण ओसरीवर चहा घेत घटकाभर बसले, की निराळेच ऐकू येई. पाऊस बरा झालेला असायचा. मात्र म्हातारीला अर्धांगाचा झटका आला, नाहीतर पोर जुलाबाने आजारी पडले, आणि बैलजोडीची किंमत तालुक्याच्या दवाखान्यात जमा झाली. आमच्या छापील अर्जात आजारपणाला रकानाच नव्हता.

आजार होण्याआधीच रोखावा, हे तर आपण शाळेपासून घोकत आलो. अडचण अशी, की न झालेल्या आजाराची ना पावती मिळते, ना कुणी त्याबद्दल आभार मानतो. ज्याला झटका आलाच नाही, तो डॉक्टरकडे पेढे घेऊन कशाला जाईल? त्यामुळे रुग्णालयाची फीत कापायला पुढाऱ्यांची गर्दी होते. रक्तदाब मोजण्याच्या कामाला मात्र कुणी फिरकत नाही. शहरात हल्ली तपासण्यांची 'पॅकेजे' निघाली आहेत. ती घेतो कोण, तर ज्याला दवाखाना असाही हाकेच्या अंतरावर आहे तोच.

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जामखेडला या अडचणीवर एक वाट सापडली होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तिथे आले. लोकांना विचारले, तर त्यांनी आरोग्याचे नावही काढले नाही. त्यांना हवे होते पाणी आणि अन्न. मग आधी विहिरी आणि हातपंप झाले. त्यातही मौज अशी, की हातपंप मुद्दाम दलितवस्तीत घेतले. तहान लागल्यावर सगळ्या गावाला तिथे यावेच लागले. जुलाबावरचे औषध आणि शिवाशिवीवरचे औषध एकाच दांड्याने उपसले गेले म्हणा ना!

पुढचा प्रश्न होता, गावात राहून काम करणार कोण? शिकलेल्या नर्स ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. शेवटी गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची असे ठरले. यातल्या कितीतरी जणी निरक्षर, कित्येक दलित. आठवड्यातून एकदा जामखेडला शिकायला यायचे आणि गावी परतून घरोघर सांगायचे : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ; गरोदर सुनेला पोटभर जेवू घाला; नाळ स्वच्छ पात्याने कापा. हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत, असा १९७१ चा तिथला आकडा होता. नव्वदच्या दशकात तो ३० च्या खाली आला. दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या मते मात्र त्यातला निम्मा त्या बायांचा.

देशभर अशी बाई गावात हवी, हे सरकारने २००५ साली मान्य केले आणि 'आशा' आली. आज त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. गरोदर बाईची नोंद, बाळाचे लसीकरण, क्षयरोग्याच्या गोळ्या, आणि आता तिशीवरल्या माणसांच्या मधुमेह-रक्तदाबाची चौकशी, सगळे तिच्याच पिशवीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्यांचा गौरव केला. पण कागदोपत्री ती 'स्वयंसेविका'च राहिली. पगार नाही, कामागणिक मोबदला. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, त्या याच दुखण्यापायी. बँकेत आम्ही शिपायालासुद्धा ग्रॅच्युइटी देत होतो. लाखोंची कर्जे बुडण्यापासून जी वाचवते, तिचा हिशेब मात्र कामाच्या नगावर.

आणि आपण काय करतो? २०२० साली कोरोनाच्या काळात महाराष्ट्रभर घरोघर पाहणी झाली, तेव्हा आमच्या सोसायटीने या बायांना फाटकातच थांबवले. वॉचमनने आवाज दिला, की एकेकाने गॅलरीतून ओरडून सांगायचे, 'आमच्याकडे सगळे ठीक!' तिसऱ्या मजल्यावरचे काका चार दिवस तापात होते. त्यांच्या गॅलरीतूनही तेच उत्तर आले, आणि खालच्या बाईने ते रजिस्टरात लिहून घेतले.