बोटभर जाडीचं विमान

मिस्त्रींनी फळी हातात घेतली, उलटसुलट केली आणि माझ्याकडे पाहिलं. तीन फूट लांब, चार इंच रुंद, एक सेंटिमीटर जाड. एवढीच फळी सागाची असती तर सहाशे ग्रॅमच्या आसपास भरली असती. ही घरच्या वजनकाट्यावर दीडशे ग्रॅम भरली होती. त्यांनी अंगठ्याचं नख दाबलं, तर नखाची चंद्रकोर लाकडात उमटली.

"हे लाकूड आहे?"

"बाल्सा. दक्षिण अमेरिकेतलं."

"काडेपेटीवाल्याला द्या."

मिस्त्री चुकत नव्हते. काडेपेटीच्या काड्यांसाठी आपल्याकडे वापरतात ती काटेसावर, आणि बाल्सा तिच्याच गोतातला. फाल्गुनात पेठ-सुरगाण्याच्या रस्त्यावर लालभडक फुलते ती सावर हलकी म्हणावी, तर बाल्सा तिच्याहूनही हलका. वखारीच्या भाषेत सांगायचं तर सागाचा घनफूट अठरा-एकोणीस किलोचा, बाल्साचा साडेचार. मी त्यांना म्हटलं, या लाकडाची ७,७८१ विमानं झाली. प्रवासी विमानं नव्हेत, लढाऊ बॉम्बफेकी विमानं. मिस्त्रींनी फळी टेबलावर ठेवली आणि चहा सांगितला. गोष्ट पटलेली नव्हती, हे उघड होतं.

म्हणून आम्ही दोन पट्ट्या केल्या. बाल्साच्या फळीला वरून-खालून दोन-दोन मिलिमीटरचा प्लाय डकवला, शिकंजे लावले आणि रात्रभर तसाच ठेवला. दुसरीकडे नुसता प्लाय प्लायला चिकटवून चार मिलिमीटरची पट्टी केली. दुसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्या दोन स्टुलांवर आडव्या टाकल्या. चार मिलिमीटरच्या पट्टीवर एक वीट ठेवताच तिची झोळी झाली. बाल्साचं पोट असलेल्या पट्टीवर दोन विटा ठेवल्या. ती जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लवली.

याचं गणित शाळेतल्या पाटीवर मावेल इतकं आहे. वाकताना पट्टीचा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो, मधल्याला फारसं काम नसतं. वरचा आणि खालचा थर एकमेकांपासून जितके लांब, तितकी पट्टी ताठ. तोच चार मिलिमीटर प्लाय मध्ये सेंटिमीटरभर बाल्सा घालून दोन बाजूंना नेला, की ताठपणा सुमारे २७ पट होतो. वजन वाढतं जेमतेम दीड-पावणेदोन पट. बाल्साचं काम एवढंच, की दोन थरांना एकमेकांपासून लांब धरून ठेवायचं. तेवढ्यासाठी सागवान कशाला?

एकूण जाडी चौदा मिलिमीटर. करंगळी आडवी धरा, तेवढी. डी हॅविलंड कंपनीच्या मॉस्किटो विमानाची भिंत याहूनही थोडी पातळ, अकरा मिलिमीटरच्या आसपास होती. या भिंतीच्या आत दोन माणसं बसत, पोटात बॉम्ब असत आणि बाहेर ताशी सहाशे किलोमीटरचा वारा असे.

हे विमान सुरुवातीला बहुतेकांना नको होतं. १९३९ साली जगातली बहुतेक मोठी हवाई दलं ॲल्युमिनियमच्या मागे होती. लाकडी विमान म्हणजे पहिल्या महायुद्धातली गोष्ट. जेफ्री डी हॅविलंड यांचं म्हणणं साधं होतं: युद्धात ॲल्युमिनियम कमी पडेल, पण सुतार मोकळे असतील. आणि बॉम्बफेकी विमानावरच्या तोफा, तोफची, त्यांचं वजन हे सगळं काढून टाकलं तर ते इतकं जोरात पळेल की पाठलागाला येणारं विमानच मागे पडेल. लंडनच्या उत्तरेला सॅलिस्बरी हॉल नावाच्या खंदक असलेल्या जुन्या वाड्यात आर. ई. बिशप आणि त्यांचे सहकारी आराखडे काढायला बसले. १ मार्च १९४० ला पन्नास विमानांची मागणी आली आणि २५ नोव्हेंबर १९४० ला पहिलं विमान उडालं. सविस्तर आराखड्यांच्या सुरुवातीपासून आकाशापर्यंत अकरा महिने. आमच्या भागातला एक उड्डाणपूल याहून जास्त दिवस नुसता खांबांवर उभा होता, पण ते असो.

बांधणीची रीत अशी, की ती आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला एका वाक्यात कळेल: करंजी. विमानाचं धड उभं दोन अर्धांत करायचं. महोगनीच्या किंवा काँक्रीटच्या साच्यावर बर्चचा प्लाय, त्यावर बाल्सा, त्यावर पुन्हा प्लाय असे थर सरस लावून चढवायचे आणि पोलादी पट्ट्यांनी आवळून ठेवायचे. अर्ध्या भागांची पोटं उघडी असतानाच आत तारा, नळ्या, दांडे बसवायचे. मग दोन्ही अर्धे भाग समोरासमोर आणून कडा मिटवायच्या. धातूच्या विमानात माणूस अंग चोरून आत शिरतो आणि पाठीवर झोपून काम करतो. इथे कारागीर उभ्यानं, उजेडात सारण भरत होते. पंख मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसंध, साडेसोळा मीटरचा.

इंग्लंडमधल्या हाय विकमचे खुर्च्या-कपाटं करणारे कारखाने आणि पियानो करणारे सुतार या कामाला लागले. बाल्सा इक्वेडोरमधून आला, स्प्रूस आणि बर्च उत्तर अमेरिकेतून. इंग्लंडखेरीज कॅनडात हजारावर आणि ऑस्ट्रेलियात दोनशेवर विमानं झाली. शेवटचं १९५० च्या नोव्हेंबरात बाहेर पडलं. म्हणजे दहा वर्षं, सुट्ट्या न धरता, रोज दोन. ही ७,७८१ विमानं पंखाला पंख लावून मुंबई-आग्रा रस्त्यावर उभी केली, तर नाशिकच्या द्वारका चौकातून निघालेली रांग कसारा घाट उतरून भिवंडीच्या आसपास पोचेल. १२८ किलोमीटर.

प्रत्येकाला रोल्स-रॉइसची दोन मर्लिन इंजिनं. एकाचं आकारमान २७ लिटर, म्हणजे शंभर सीसीच्या २७० मोटारसायकली एका इंजिनात. लढाऊ-बॉम्बफेकी प्रकारात दोन्ही मिळून ताकद ३,२०० अश्वशक्तीच्या पुढे जाई. पिंपळगाव-दिंडोरीच्या द्राक्षबागांत फवारणीला फिरतो तो छोटा ट्रॅक्टर पंचवीस अश्वशक्तीच्या आसपासचा धरा. असे सव्वाशेहून जास्त ट्रॅक्टर एकाच वेळी या बोटभर जाडीच्या करंजीला ओढत होते.

सर्वांत जास्त संख्येनं झाला तो हाच प्रकार, एफबी मार्क ६. पुढच्या बाजूला २० मिलिमीटरच्या चार तोफा, चार मशीनगन, पोटात आणि पंखांखाली मिळून ९०० किलोपर्यंत बॉम्ब. तोफा नकोत म्हणून जन्मलेलं विमान शेवटी तोफांसाठीच गाजलं, हा त्यातला विनोद. ३० जानेवारी १९४३ ला जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याचं बर्लिन रेडिओवर भाषण होतं. सकाळी अकराच्या ठोक्याला मॉस्किटो विमानं वर हजर झाली आणि प्रक्षेपण तासभर लांबलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात नील्स बोर हा जगातला एक थोर भौतिकशास्त्रज्ञ याच जातीच्या विमानाच्या बॉम्बकप्प्यात झोपून स्वीडनहून ब्रिटनला पळाला. डोकं मोठं असल्यानं कानावर हेडफोन नीट बसला नाही, प्राणवायू सुरू करण्याची सूचना ऐकू आली नाही आणि स्वारी वाटेत बेशुद्ध झाली. स्कॉटलंडला उतरल्यावर ठणठणीत.

आता सरसाची गोष्ट. माझ्या मते या विमानाचा सगळा इतिहास तिथेच आहे. लाकूड, इंजिन, वेग या दिसणाऱ्या गोष्टी. विमान धरून ठेवणारी वस्तू कागदाइतक्या जाडीची होती आणि दोन फळ्यांमध्ये लपलेली होती.

सुरुवातीचा सरस केसिनचा होता. केसिन म्हणजे दुधातलं प्रथिन. त्यात चुना मिसळला की घट्ट धरणारा सरस होतो. दुधावर उडणारं विमान म्हणायला हरकत नाही. पुढे युरिया-फॉर्माल्डिहाइडचा कृत्रिम सरस आला आणि तो ओल जास्त सोसू लागला. जर्मनांनीही लाकडी विमान करून पाहिलं, नावसुद्धा मॉस्किटोच ठेवलं. त्यांचा चांगला सरस वुपरटालच्या एका कारखान्यात होत असे. तो कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला. बदली म्हणून आलेला सरस आम्लधर्मी निघाला आणि जोडायच्या ऐवजी लाकूडच खाऊ लागला. विमानं हवेत सुटी होऊ लागली, कार्यक्रम गुंडाळला गेला.

मूळ मॉस्किटोची खरी परीक्षा भारतात झाली. ब्रह्मदेशच्या लढाईसाठी ती इथे आली आणि १९४४ च्या पावसाळ्यानंतर अपघात सुरू झाले. पंखाची वरची कातडी मुख्य तुळईपासून उचलली जात होती. संशय सरळ आपल्या हवेवर गेला. जुन्या नाशकात वाड्याचं दार श्रावणात फुगून चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर तेच दार खडखडतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला हा संशय पटेल. मेजर हेरवर्ड डी हॅविलंड चौकशीला आले. डिसेंबरातल्या त्यांच्या अहवालानं सरसाला निर्दोष ठरवलं आणि ठपका पावसाळ्यातल्या लाकडाच्या आकसण्यावर ठेवला. कंपनीच्या घरच्या माणसानं कंपनीच्या सरसाला दोष दिला नाही, यात नवल नाही. नंतर इंग्लंडमध्येच दुसरी तपासणी झाली. ज्या विमानांनी कधी पावसाळा पाहिला नव्हता, वाळवी पाहिली नव्हती, त्यांतही तेच सुटलेले सांधे सापडले. दोष इंग्लंडमधल्या कारखान्यांतल्या डकवण्याचा होता. उपाय काय, तर पंखभर लांबीची प्लायची एक पट्टी त्या सांध्यावर मारून तो बंद करणं. कुठलाही मिस्त्री हेच करील. मी आमच्या मिस्त्रींना प्रसंग सांगितला, तर शेवट ऐकायच्या आधीच ते म्हणाले, "वरून पट्टी मारायची."

ही गोष्ट नाशिकपर्यंत येते ती एका आडवाटेनं. मॉस्किटोच्या पहिल्या उड्डाणानंतर बरोबर २८ दिवसांनी, २३ डिसेंबर १९४० ला, बंगलोरमध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. स्थापन करणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावच्या माळावर १९३३ मध्ये साखर कारखाना काढणारे तेच वालचंद. रावळगावच्या गोळ्या चघळतच आमची पिढी मोठी झाली. १९३९ साली प्रवासात एका विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली आणि तिथेच भारतात विमानं करायचं घाटू लागलं. १९४२ मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. स्वातंत्र्यानंतर याच कंपनीनं डी हॅविलंडचं व्हँपायर हे जेट परवान्यावर बांधलं, दोनशेहून जास्त. व्हँपायरचं पुढचं धड कशाचं? प्लाय, बाल्सा, प्लाय. भारतात बांधलेलं ते जेट विमान अर्धं सुतारकामच होतं. भारत-पाक युद्धात १ सप्टेंबर १९६५ ला छांबवर गेलेल्यांपैकी चार व्हँपायर एका दिवसात गमावली आणि त्यानंतर ती आघाडीवर फारशी दिसली नाहीत.

त्याच्या आदल्या वर्षी, १९६४ मध्ये, मिगसाठी नाशिकजवळ ओझरचा कारखाना उभा राहिला होता. याच कंपनीनं, म्हणजे आताच्या एचएएलनं, सहाशेहून अधिक मिग-२१ बांधली. मग ओझरला सुखोई-३० एमकेआय आली, एकूण २२२. मॉस्किटो पूर्ण भरून दहा टनांची, सुखोई ३८.८ टनांची. मॉस्किटो ९०० किलो बॉम्ब नेई, सुखोई ८,००० किलो नेते. मॉस्किटोची रोज दोन निघत, ओझरला भर असताना वर्षाला डझनभर. ही तुलना न्याय्य नाही, हे मला कळतं. एकात करंजी होती, दुसऱ्यात एचएएलच्या माहितीप्रमाणे ४३,००० वेगवेगळे भाग आहेत.

पण एक आकडा मिस्त्रींना सांगितल्याशिवाय राहवलं नाही. काही वर्षांपूर्वी एचएएलकडूनच तो बाहेर आला. सुखोईच्या शेपटीचा एक भाग १५.९ किलोचा. तो करायला रशियातून येणारी टायटॅनियमची कांब ४८६ किलोची. म्हणजे तासून ४७० किलोचा चुरा. पंखाच्या ३.१ किलोच्या एका ब्रॅकेटसाठी २७ किलोचा ठोकळा. मिस्त्री थोडा वेळ गप्प बसले. "एवढा भुसा," ते म्हणाले, "आमच्या मालकानं पगार कापला असता."

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं आणखी १२ सुखोईंची मागणी नोंदवली, सुमारे १३,५०० कोटींची. एका विमानाला अकराशे कोटींच्या वर.

पुन्हा मॉस्किटोकडे. तिच्या लाकडावर शेवटी एक सुती कापड चढे. ते ताणून बसवायचं, वर रोगण द्यायचं, मग रंग. ओल आत शिरू नये म्हणून. या कापडाला इंग्रज मडपोलम म्हणत. ते युद्धात विलायतेत विणलं जाई, पण नाव आपल्याकडचं. आंध्रात नरसापूरजवळ माधवायपालेम नावाचं गाव आहे. ईस्ट इंडिया कंपनीची तिथे कापडाची वखार होती, तिथल्या तलम कापडाला गावाचं नाव लागलं आणि ते थेट विमानाच्या पंखावर गेलं. नरसापूर गोदावरीच्या काठावर आहे, नदी समुद्राला मिळण्याच्या थोडं आधी. ती नदी त्र्यंबकला उगम पावते, नाशकात रामकुंडाशी वळते आणि १,४६५ किलोमीटर वाहून तिकडे समुद्राला मिळते.