गिझर गळू लागला तर : आधी जागा शोधा, मग पैसे मोजा

निफाड तालुक्याची थंडी सर्वांना ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी जवळपास दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येते, आणि आपले पिंपळगाव बसवंत तेथून फार दूर नाही. त्या दिवसांत द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात आणि आपल्या घरांतला गिझर सकाळ-संध्याकाळ चालू राहतो. उन्हाळाभर बंद असलेले हे यंत्र नेमके याच वेळी ठिबकू लागते. मग घाईघाईने मिस्त्रीला बोलावायचे, तो सांगेल ते ऐकायचे आणि पुष्कळदा चांगला गिझर भंगारात घालून नवा आणायचा, असा प्रकार चालतो. याच्या उलटही होते. जो गिझर त्याच दिवशी भिंतीवरून उतरवायला हवा, त्याला एम-सील थापून दोन हिवाळे ओढले जातात. पहिल्यात नाहक पैसा जातो, दुसऱ्यात जिवाची जोखीम असते.

आपल्या वडिलांच्या काळी हा प्रश्न सोपा होता. घरात तांब्याचा बंब असे, काही घरांत त्याला हमाम म्हणत. तो गळू लागला की तांबटाकडे न्यायचा, तो डाग देऊन आणायचा, की पुढची काही वर्षे निश्चिंती. बंबाचे तोंड उघडे असते, आत दाब साठत नाही, म्हणून डाग टिकतो. गिझर हे बंद भांडे आहे. त्यात पाणीही कोंडलेले, उष्णताही कोंडलेली आणि शिवाय वीज. म्हणून बंबाचा इलाज गिझरला चालत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

गळती दिसताच पहिले काम विजेचे. गिझरचे नुसते बटण बंद करून भागत नाही. घरातल्या बोर्डावरचा त्याचा एमसीबी खाली पाडावा. बटण चुकीच्या तारेवर बसवलेले असले तर बटण बंद असूनही आत वीज राहू शकते. गिझरचे पाणी तळाशी, जेथे कॉइल आणि थर्मोस्टॅटच्या तारा जोडलेल्या असतात, तेथून पडत असेल तर ओल्या फरशीवर उभे राहून गिझरला हात लावू नये. ज्यांच्या घरी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला आहे, त्यांचा तो बहुधा आपोआपच पडतो. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी गिझरच्या दुरुस्तीआधी तो आणि पक्के अर्थिंग यांची व्यवस्था करावी, असे माझे मत आहे. त्यानंतर गिझरला येणाऱ्या गार पाण्याचा अँगल कॉक बंद करावा आणि गरम पाण्याचा नळ थोडा उघडून आतला दाब जाऊ द्यावा.

आता जागा शोधायची. पाणी जेथून टपकते तेथूनच गळते असे समजणे चूक आहे. पाणी पत्र्याच्या कडेकडेने उतरून सर्वांत खालच्या टोकाला जमते. गिझर गार झाल्यावर सगळे सांधे कोरड्या फडक्याने पुसावेत, प्रत्येक सांध्याभोवती वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी गुंडाळावी आणि वीज बंदच ठेवून फक्त पाणी सुरू करावे. अर्ध्या तासाने जी पट्टी आधी भिजलेली दिसेल, तेथे दोष. सगळ्या पट्ट्या कोरड्या राहिल्या आणि तळाच्या झाकणातून पाणी आले, तर मामला आतला आहे.

सर्वांत जास्त वेळा दोष निघतो तो नळजोडणीत. गिझरच्या दोन तोंडांना जाळीचे लवचिक पाइप लावलेले असतात आणि त्यांत रबरी वायसर असतो. गरम बाजूचा वायसर उष्णतेने कडक होऊन फुटतो. वायसर बदलला, आटे साफ करून टेफ्लॉन टेप गुंडाळली, की काम झाले. जाळीचा पाइप हिरवा पडला असेल किंवा तारा तुटल्या असतील तर पाइपच बदलावा. तो फुटला तर घरभर पाणी होते. गरम पाण्याच्या बाजूला साधा पीव्हीसी पाइप मात्र कधी लावू नये, तो नरम पडतो. सीपीव्हीसी किंवा धातूचा पाइप वापरावा. माझ्या ओळखीच्या एका किराणा व्यापाऱ्याला मिस्त्रीने टाकी फुटल्याचे सांगून नवा गिझर घ्यायला लावले होते. जुना गिझर गोदामात पडून होता, तो दुसऱ्या कारागिराने पाहिला तेव्हा दोष केवळ वायसरचा निघाला. आपल्यापैकी जे बांधव प्लंबिंगचे काम करतात त्यांना विनंती आहे की, भिजलेला सांधा गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दाखवावा आणि काढलेला भाग त्याच्या हातात द्यावा. असा कारागीर लोक नावाने शोधत येतात.

दुसरी जागा तळाच्या प्लेटची. कॉइल ज्या गोल प्लेटवर बसवलेली असते, तिच्या आणि टाकीच्या मध्ये रबराचे गॅस्केट असते. कॉइलवर क्षारांचा थर चढला की ती जास्त तापते, प्लेट आणि रबर दोन्ही तापतात आणि काही वर्षांनी रबर बसते. गॅस्केट बदलता येते, पण त्याच वेळी कॉइलवरचा थर काढला नाही तर नवे गॅस्केटही लवकर जाते. बोल्ट आवळताना एकामागून एक न आवळता समोरासमोरचे आवळावेत, नाहीतर प्लेट तिरकी बसते. हे काम घरच्या घरी करू नये, कारण विजेच्या जोडण्या तेथेच आहेत.

तिसरी जागा म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह, आणि सर्वांत मोठा गैरसमज याच्याबाबत आहे. पाणी तापले की फुगते. २५ लिटरच्या गिझरमध्ये २० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत नेले तर ते सुमारे दीड टक्का वाढते, म्हणजे पावणेचारशे मिलिलिटर, दीड-दोन पेले पाणी जास्त होते. गार पाण्याच्या वाटेवर परतीचा झडप-व्हॉल्व्ह असेल तर हे वाढीव पाणी मागे जाऊ शकत नाही. ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडते. गिझर तापत असताना हा व्हॉल्व्ह ठिबकला आणि तापणे थांबल्यावर ठिबकणेही थांबले, तर ती गळती नव्हे, व्हॉल्व्ह आपले काम करतो आहे. त्याला एक नळी जोडून पाणी मोरीत सोडावे. नळीचे तोंड उघडेच राहिले पाहिजे.

गिझर गार असतानाही तो सतत ठिबकत असेल तर काय समजावे? आपल्याकडे बहुतेक घरांत गच्चीवरच्या टाकीचे पाणी येते. दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब मिळतो. टाकी तीन-चार मीटर वर असेल तर दाब पाव बारच्या थोडा पुढे. एवढ्याशा दाबाने चांगला व्हॉल्व्ह उघडत नाही. तेव्हा त्याच्या बैठकीत क्षाराचा खडा अडकला आहे, असे धरून चालावे. व्हॉल्व्हला छोटा खटका असतो. गिझर गार असताना तो दोन-तीनदा उचलून पाणी जाऊ द्यावे, खडा निघून जातो. नाही गेला तर त्याच मापाचा आणि त्याच दाबाचा नवा व्हॉल्व्ह बसवावा.

पण पुष्कळ घरांत तिसराच मार्ग धरला जातो. ठिबकण्याचा कंटाळा येतो म्हणून व्हॉल्व्हच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकतात किंवा त्याच्या जागी लोखंडी प्लग बसवतात. पाणी थांबते, घरातले खूश होतात. एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट अडकून राहतो, कॉइल बंदच होत नाही, आणि पाणी शंभर अंशांच्या पुढे जाते; दाबाखाली ते उकळत नाही, नुसते तापत राहते. आठ बार दाबाला पाणी १७० अंशांच्या वर पोचलेले असते. टाकी फाटली की ते पाणी क्षणात वाफ होऊ लागते, आणि एका लिटर पाण्याची वाफ सुमारे १,७०० लिटर जागा मागते. भिंत पडते, माणूस भाजतो. हे टाळण्यासाठी काही गिझरमध्ये व्हॉल्व्हशिवाय एक वितळणारा प्लगही असतो. तो वितळून पाणी वाहू लागले तर नुसता प्लग बदलून गिझर सुरू करू नये. प्लग वितळला याचा अर्थ थर्मोस्टॅट आणि त्याचा कट-आउट दोघांनीही दगा दिला आहे. आधी ते बदलावेत.

चौथी जागा खुद्द टाकीची. सगळे सांधे कोरडे, तरी बाहेरच्या आवरणाच्या फटीतून किंवा तारेच्या भोकातून पाणी येते, गरम नळाला तांबूस पाणी येते, तर टाकी आतून खाल्ली गेली आहे. आतून काचेसारखा मुलामा दिलेल्या लोखंडी टाकीला वेल्डिंग केले तर मुलामा तडकतो आणि शेजारी नवे भोक पडते. एम-सील बाहेरून लावले तरी आतला दाब त्याला सोडवून काढतो. येथे दुरुस्तीवर एक रुपयाही घालू नये.

टाकी का खाल्ली जाते, याचे उत्तर पाण्यात आहे. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की ते बाहेर पडून कॉइलवर आणि तळाशी बसतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, जडपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट दिलेली आहे. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी एकदा तपासणी करून घ्यावी. लोखंडी टाकीला काचेचा मुलामा देण्याची पद्धत अमेरिकेतल्या ए. ओ. स्मिथ कंपनीने १९३६ साली पेटंट केली, पण मुलाम्याला बारीक छिद्रे राहतातच. म्हणून टाकीत मॅग्नेशियमची कांडी लावतात. गंज आधी तिला खातो आणि टाकी वाचते. या युक्तीचे मूळ जहाजांत आहे. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली जहाजाच्या तळाचे तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी त्यांना जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले. आपल्या घरातली कांडी झिजून नुसती तार उरली की टाकीचे रक्षण संपले. जड पाण्याच्या भागात दरवर्षी, थंडी सुरू होण्यापूर्वी, कांडी तपासून घ्यावी आणि क्षार काढून घ्यावेत. कांडी टाकीच्या मानाने फार स्वस्त आहे, तरी गिझर घेताना तिच्याबद्दल विचारणारे गिऱ्हाईक क्वचितच सापडते. स्टेनलेस स्टीलच्या टाकीला गंजाची भीती नाही असे दुकानदार सांगतात. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड तिच्या वेल्डिंगच्या सांध्यांनाही भोके पाडते. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवला तर क्षार कमी बसतात आणि वीजही वाचते.

आता खाली दुकान आणि वर घर असलेल्या व्यापाऱ्यांसाठी थोडे. कापडाच्या धंद्यात आग लागली तर सर्वांना कळते, पाणी मात्र गुपचूप येते. वरच्या न्हाणीतला थेंब स्लॅबमधून उतरतो आणि मागच्या रॅकवरचे ताके भिजवतो. कोऱ्या मालावर पिवळे डाग पडतात, रंगीत मालाचा रंग शेजारच्या ताक्याला लागतो, आणि बुरशी आली की तो माल चिंधीच्या भावानेही जात नाही. न्हाणीच्या बरोबर खाली किमती माल ठेवू नये. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ठरावीक विमा पॉलिसी आली आहे. एका ठिकाणची ५ कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता तिच्यात बसते. पाण्याच्या टाक्या, उपकरणे आणि नळ फुटणे किंवा भरून वाहणे हा धोका तिच्यात धरलेला आहे. परंतु महिनोन्‌महिने झिरपणारे पाणी म्हणजे फुटणे नव्हे, असा मुद्दा सर्व्हेअर काढू शकतो. तेव्हा माल भिजलेला दिसला की त्याच दिवशी विमा कंपनीला कळवावे, छायाचित्रे घ्यावीत आणि सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल फेकू नये. कोरडा माल मात्र लगेच हलवावा.

नवा गिझर घ्यावाच लागला तर आयएसआय चिन्ह आणि आयएस २०८२ हा क्रमांक पाहावा. साठवणुकीच्या विजेच्या गिझरला हे चिन्ह सक्तीचे आहे. वॉरंटीत टाकी, कॉइल आणि इतर भाग यांच्या मुदती वेगवेगळ्या असतात, त्या वाचाव्यात. आपल्याकडे एक सवय आहे, घरची वस्तू दुकानाच्या नावावर जीएसटी बिलाने घ्यायची. घरच्या वापराच्या वस्तूवर कराची वजावट कायद्याने मिळत नाही. उलट वॉरंटी घरगुती वापरापुरतीच असेल तर कंपनी बिलावरच्या नावाकडे बोट दाखवते, आणि ग्राहक आयोगात ‘व्यापारी हेतू’चा वाद निघतो. बिल घरच्या माणसाच्या नावावर घ्यावे. वॉरंटीत टाकी गळून कंपनी दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे नाशिकला, तक्रार करता येते. मुदत २ वर्षांची आहे आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही.

राहिला जुना गिझर. तो पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा असेल तर आतली टाकी तांब्याची असू शकते. एक्स्चेंजच्या ठरलेल्या रकमेत तो देऊन टाकण्यापूर्वी बाहेरचा पत्रा उघडून टाकी पाहावी, वजन करावे आणि भंगारवाल्याकडे तांब्याचा त्या दिवसाचा भाव विचारावा. कॉइलची नळीही पुष्कळदा तांब्याचीच असते, ती वेगळी तोलून घ्यावी.