अभ्यासाला बसल्यावर मान का धरते?

मागच्या वर्षी रिसर्च प्रपोजल लिहीत होते. तीन आठवडे सकाळपासून रात्रीपर्यंत लॅपटॉपसमोर. शेवटी मान अशी धरली की स्कूटी चालवताना मागे बघता येईना. बाम लावला की रात्रीपुरतं बरं वाटायचं, सकाळी पुन्हा तेच. डेडलाईन आठ दिवसांवर आणि मला तासभरसुद्धा बसवेना! मग म्हटलं, एवढे पेपर वाचतो, यावरचेही वाचू.

पहिला आकडा भेटला तो 27 किलोचा. आपलं डोकं साधारण 5 किलोचं. मोबाईल बघताना मान 60 अंश झुकली की मणक्यावर सुमारे 27 किलोचा भार येतो, असं अमेरिकेतले सर्जन केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये मांडलं. पण हे संगणकीय मॉडेलचं गणित आहे, जिवंत माणसाच्या मानेत केलेलं मोजमाप नाही. मान झुकली की भार वाढतो हे पटतं. आकडा मात्र जपून वापरा.

मग मी ताठ बसायला लागले. चार दिवसांत पाठ भरून आली! कारण ताठ बसून राहणं हेही स्नायूंना कामच.

याचं एक स्पष्टीकरण म्हणजे 1991 मध्ये योरान हेग यांनी मांडलेलं ‘सिंड्रेला’ गृहीतक. हलक्या कामाला स्नायूतले ठरावीक छोटे तंतू आधी जुंपले जातात आणि काम पूर्ण थांबेपर्यंत सुटत नाहीत. घरातली थोरली सून कशी, सगळ्यांच्या आधी उठते आणि शेवटी झोपते! टायपिंगला ताकद लागत नाही, पण या तंतूंना सुट्टीही मिळत नाही. म्हणजे प्रश्न फक्त चुकीच्या बसण्याचा नाही, न हलण्याचा आहे.

मला उपयोगी पडलेल्या गोष्टी:

1. दर अर्ध्या तासाने अलार्म. उठून दोन मिनिटं चालायचं. पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवा, भरायला उठावंच लागतं.
2. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. कीबोर्ड वेगळा, पाय जमिनीला टेकलेले.
3. हनुवटी सरळ मागे ओढून 5 सेकंद थांबायचं, 10 वेळा. तसंच खांदे मागे ओढून सोडायचे.
4. दुखलंच तर गरम पाण्याची पिशवी 15 मिनिटं. मान झटका देऊन मोडू नका.
5. पीडीएफ मोबाईलवर वाचायचीच असेल तर मोबाईल वर उचला, मान खाली नको.

हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल होत असेल किंवा कळ दंडातून खाली उतरत असेल, तर घरगुती उपाय थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

माझं प्रपोजल वेळेत गेलं. मानेला पूर्ण बरं वाटायला अजून महिना लागला. पीएचडी चार-पाच वर्षांची असते, मान जन्मभराची. वाचून झालं ना? उठा, बाटली भरून आणा.